लुईझाबायचा दुसरा फोटो

केळीचं पान वाऱ्यानं चिरत जातं आणि तरी हिरवंच राहतं, तशी सांडोरची लुईझाबाय होती. नवरा गेला, एकुलता मुलगा गेला, पण तिचं लुगडं चुरगळलेलं कधी कुणी पाहिलं नाही. लाल चौकड्यांचं, घट्ट नेसलेलं, आणि अंबाड्यावर अबोलीची फुलं. गावातल्या तीन पिढ्यांची डोकी पहिल्यांदा तिच्याच हातात आली, त्यात माझंही होतं. सुईणपणाचं ती काही घेत नसे. एक नारळ आणि बाप्तिस्म्याच्या जेवणात पहिलं पान, एवढाच तिचा मान.

तिला एक सल होता. अठ्ठेचाळीस साली भादव्यात इनेझ नावाची पोर अडली. घरातल्या काळोख्या, धुरकट खोलीत काही होईना म्हणून तिला बैलगाडीत घालून वसईला न्यायला निघाले. वाटेत चाक रुतलं. आई आणि मूल, दोघंही लुईझाबायच्या छत्रीखालीच दगावली. त्यानंतर देवळामागची, म्हणजे चर्चमागची, मोकळी जागा दिसली की ती म्हणायची, "इथं एक खोली हवी. खिडकी मोठी, खाट लोखंडी, आणि आठवड्यातून दोनदा शिकलेली नर्स. बाकीचं मी बघते."

गाव मान डोलवायचं. मान डोलवण्यात आमचं गाव कधीच कंजूष नव्हतं.

त्या वेळी गावचे वीसेक पुरुष आफ्रिकेत, मोंबासाच्या बंदरात आणि रेल्वेत नोकरीला होते. परमुलखात गेलं की माणसाला आपलं गाव फार गरीब दिसू लागतं. त्यांनी तिकडं हितवर्धक मंडळ काढलं. अध्यक्ष युजीन, जो लहानपणी आमच्या मांडवावर वाळत घातलेली सुकेळी चोरायचा. एक्कावन्नच्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. रविवारची मिस्सा सुटल्यावर बेनेडिक्ट मास्तरांनी ते देवळासमोर वाचलं. मंडळ गावाला बाळंतिणींची खोली बांधून देणार होतं. फक्त समारंभात सभासदांना दाखवण्यासाठी गावातल्या एका गरीब बाईचा फोटो पाठवायचा होता.

"मग, कोण बसतं?" मास्तरांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि ज्याच्याकडे बघितलं तो रागावला.

"माझ्याकडे काय बघता? आमच्याकडे दोन वेळा भात शिजतो."

"आमचा दीर मुंबईला आहे, मास्तर. सांगून ठेवते."

एवढं दारिद्र्य असलेल्या गावात गरीब एकही निघेना. शेवटी लुईझाबाय पुढे झाली. "माझा काढा. मला खोली हवी."

आमच्याकडे माणसाचा फोटो दोनदाच निघतो, लग्नात आणि शवपेटीत. दोन्ही वेळा त्याला सजवलेलं असतं. त्यामुळे वसईहून फोटोग्राफर यायच्या दिवशी पहाटेच शेजारची एमिली आपली सोन्याची पोत घेऊन हजर झाली. तिच्या जावेनं कुड्या आणल्या. शाळेतली खुर्ची आली, फादरांच्या बंगल्यातलं टेबल आलं, त्यावर फुलदाणी आली.

"बाय, मोंबासाला चाललीस तू," पोत अडकवताना एमिली म्हणाली. "गावाची अब्रू आहे तुझ्या गळ्यात."

फोटोग्राफर काळ्या कापडाखालून म्हणाला, "आजी, जरा दुःखी दिसा."

"अरे बाबा, एवढं सोनं घालून दुःखी दिसले तर लोक म्हणतील चोरीचं आहे!"

फोटो सुरेख आला. गावानं तो हातोहात पाहिला, आणि मग तो बोटीनं गेला.

सप्टेंबरात उत्तर आलं. आपल्या गावची अशी भरभराट पाहून सभासदांचे डोळे आनंदानं भरून आले होते. तेव्हा मदत गरजूंनाच जावी, असं ठरत होतं. शेजारच्या गास गावच्या लोकांनीही अर्ज केला होता आणि त्यांचा फोटो पाहून दोन सभासद रडले होते. सांडोरमध्ये खरोखर कुणी गरीब असेल तर महिन्याभरात कळवावं.

गासचं नाव ऐकून गाव खवळलं. एमिलीच्या सुनेला, क्लाराला, नुकतेच दिवस गेले होते. हाडानं बारीक पोर. लुईझाबायनं तिच्या कमरेवर एकदा नजर टाकली आणि ती उठली.

"फाटकं लुगडं हवं," ती घरोघर सांगत फिरली. तिची स्वतःची दोन लुगडी होती, दोन्ही धड. सोनं न मागता आलं होतं. फाटकं लुगडं मागून मिळेना.

"फाटकं? आमच्या घरात?" एमिली उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. तिच्या मागं दोरीवर ठिगळांचं लुगडं वाळत होतं, ते झाकायला तिला बरंच रुंद व्हावं लागलं. "कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही गो. चुकून विचारलं."

परतताना एमिलीच्याच वांग्यांच्या वाफ्यात बुजगावणं दिसलं. अंगावर जुनं लुगडं, खांद्याला भोक, काठ विरलेला.

"हे नेऊ का?" लुईझाबायनं ओरडून विचारलं.

"माझं नाही ते!" एमिली घरातूनच ओरडली. "बुजगावण्याचं आहे. त्यालाच विचार."

लुईझाबायनं बुजगावण्याला विचारलं, आणि नेलं.

दुसरा फोटो म्हशींच्या गोठ्यासमोर निघाला. अबोली नाही, कुड्या नाहीत, केस मोकळे. बघायला गावातलं कुणी आलं नाही. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, हसू नका."

"हसतंय कोण?" ती म्हणाली.

त्या फोटोवर म्हणे सबंध मंडळ रडलं. ईस्टरपर्यंत देवळामागं खोली उभी राहिली. खिडकी मोठी, खाट लोखंडी, दारावर वीस सभासदांच्या नावांचा दगड. नर्सही ठरली. युजीन कोट घालून उद्घाटनाला आला. बरोबर त्यानं तो फोटो आणला होता, मोठा करून, काचेत बसवून. खाली लिहिलं होतं, 'सांडोरची एक गरीब स्त्री'. तो खाटेसमोरच्या भिंतीवर कायम राहावा, अशी मंडळाची इच्छा होती.

"ती बिचारी आज आली नाही का?" त्यानं विचारलं.

समोर लाल लुगड्यात, अबोली माळून लुईझाबाय उभी होती. याच युजीनला तिनं पायाकडून ओढून जगात आणलं होतं.

"ती होय?" लुईझाबाय म्हणाली. "ती गासची. गेली परत."

त्या दिवशी पहिल्यांदाच गावानं मनापासून टाळ्या वाजवल्या.

मे महिन्यात क्लारा त्या खोलीत अडली. बाळ आडवं होतं. नर्स आणि लुईझाबाय, चार हात सकाळपासून राबत होते. एमिली दाराशी जपमाळ ओढत होती. कळांच्या मधे क्लाराची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

"सासूबाय, हे लुगडं कुठंतरी पाहिल्यासारखं..."

"गप! कळा दे आधी, लुगडी काय ओळखतेस!"

दुपारी मुलगा झाला. रडला, खिडकीच्या काचा हलतील इतका रडला. लुईझाबायनं त्याला उजेडात धरलं, आणि तिथंच थांबली. नव्या जिवाच्या अंगाला आमच्याकडे नवं कापड लावत नाहीत. पहिलं गुंडाळणं आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचंच. दुसऱ्या कुणाचं चालत नाही.

"एमिली, आजीचं जुनं लुगडं लागतं. पण तुझ्या घरात तर जुनं काही नाही."

एमिलीनं भिंतीकडे पाहिलं. मग उघड्या अंगानं रडणाऱ्या नातवाकडे.

"आहे," ती म्हणाली.

"कुठंय?"

"तुझ्याकडे."

लुईझाबाय वाकली. खाटेखालच्या पेटीतून तिनं ते काढलं. धुतलेलं, खांद्याचं भोक शिवलेलं, चौघडी घातलेलं. गेले आठ महिने ते तयारच होतं.