मधली खुर्ची

शेजारच्या रिकाम्या खुर्चीला कोपर लागू नये म्हणून अंग चोरून बसणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का? नसेल, तर माझ्या आत्याच्या रिहे गावातल्या पडवीत एकदा तरी यायला हवं होतं. विमानाच्या लांबच्या प्रवासात तिच्याइतकं सुखानं बसणारं माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात नाही, हे मी पैजेवर सांगते. अडचण एवढीच, की ते विमान जमिनीला टेकून दोन पावसाळे उलटले, तरी आत्या त्यातून उतरली नव्हती.

पडवीत भिंतीकडे तोंड करून तीन प्लास्टिकच्या खुर्च्या एकीला एक चिकटवून मांडलेल्या होत्या. खिडकीजवळची आत्याची, मधलीवर एक शाल, आणि तिसरी येणाऱ्याजाणाऱ्याची. अमेरिकेतल्या लेकीकडून परतल्यापासून हे सुरू झालं. खाचरातली कामं आणि म्हशीचं वैरणपाणी उरकलं, की आत्या पायात मोजे चढवायची, जुन्या दप्तराचा पट्टा पोटावर आवळायची, लुगड्याची गुंडाळी कमरेमागे सारायची, खिडकीचं दार अर्धं ओढून घ्यायची आणि बसायची. बसल्या बसल्या पावलं गोल गोल फिरवायची. कानांना दडे बसू नयेत म्हणून बडीशेप चघळायची, पाणी घोट घोट प्यायची आणि मधूनच उठून गोठ्यापर्यंत फेरी मारून यायची. फेरीला निघताना मधल्या खुर्चीसमोरून तिरकी होऊन सरकायची, जणू तिथं कुणाचे गुडघे आहेत.

आमच्या खोऱ्यातल्या बऱ्याच घरांतलं एखादं पोरगं आता परदेशात असतं, त्यामुळे तिकडे निघालेली म्हातारी माणसं आधी आत्याकडे शिकायला यायची. कासार आंबोलीहून, पार बावधनहूनही यायची. आत्या त्यांना तिसऱ्या खुर्चीवर बसवून दम द्यायची. "घोटा जात्यावानी फिरव. निस्ता हलवू नगंस, दळ!" एका बाईनं पट्टा सैल बांधला तर म्हणाली, "म्हस हायेस का तू, दाव्याला लांब सोडायला?" एकदा आमचे माजी सरपंच आले. बसताक्षणी त्यांनी मधल्या खुर्चीच्या हातावर ऐसपैस कोपर टाकलं. आत्या कडाडली, "सरपंच, कोपर काढा. ह्यो काय बांध हाय व्हय, जरा जरा रेटत न्यायला?" बांध रेटण्यात उभी हयात गेलेला माणूस तो. हसत हसत उठला आणि मुद्दामच मधल्या खुर्चीवर जाऊन बसला. क्षणभरच. मग असा उभा राहिला, की टोपी खाली पडली. "वैनी," तो म्हणाला, "ही गार हाय." भर वैशाखातली दुपार होती, पत्रा तापून कडकड वाजत होता. सरपंच टोपी न उचलताच गेले, आणि त्या महिन्यात त्यांनी शेजाऱ्याचा बांध जागेवर आणला, असं गावात बोललं जातं.

हे मला सहन होणं शक्य नव्हतं. आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे. बाराखडी मी बुवाबाजीविरोधी पत्रकांवर गिरवलेली. मी एक कडक पत्रक लिहिलं, 'भुताला भिऊ नका, भीती विकणाऱ्याला ओळखा', आणि आत्याच्याच खांबावर चिकटवलं. तिनं ते मान डोलवत वाचलं. "ब्येस लिवलंस," ती म्हणाली. "पण हितं भूत न्हाई बाये. पाशिंजर हाय."

मी चिकाटीनं तपास केला. मधल्या खुर्चीपुढच्या फुलपात्रातलं पाणी रोज कमी व्हायचं. मी म्हटलं, उन्हानं आटतं. शाल मी चार घड्या करून ठेवली, तर परसातून येईपर्यंत ती खुर्चीच्या पाठीवर, कुणाच्या खांद्यांवरून पांघरावी तशी पसरलेली. मी म्हटलं, मांजर. वीज गेलेल्या दुपारी पंखा बंद असतानाही पडवीत एक संथ घरघर चालायची. मी म्हटलं, शेजारच्या बंगल्यावरचा पंप. मग ध्यानात आलं, की वीज नसताना पंप कसा चालेल? पुढचं पत्रक मी लिहायला घेतलं नाही. आणि एका गोष्टीचं तर स्पष्टीकरण शोधायलाही मी धजले नाही. आत्याचा मधल्या खुर्चीकडचा खांदा दिवसेंदिवस खाली चालला होता. शिंपी तिच्या चोळ्या तिरक्या बेतायचा.

हे असंच चालत राहिलं असतं, पण लेकीला दिवस गेले. पहिलं मूल आधी हातचं गेलेलं, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको सांगितलेलं, सासरचं कुणी जवळ नाही. ती फोनवर रडायची, "आई, तू आलीस तर मी तरेन गं." तिकीट आलं. आत्यानं ते कपाळाला लावलं आणि म्हणाली, "कसं यू? एका इमानातनं उतरल्याबिगर दुसऱ्यात कसं बसू?"

त्या दुपारी मी तिच्यापुढे फतकल मारून बसले. "आत्या, आज सगळं सांग."

तिनं सांगितलं. परतीच्या विमानात मधल्या जागेवर एक म्हातारी होती, एकटीच, मनगटावर पुरुषी घड्याळ. कुठली कोण जाणे. हिची भाषा तिला कळेना, तिची हिला. आत्या भेदरून आखडून बसलेली. म्हातारीनंच खुणेनं तिचा पट्टा नीट केला, कमरेमागे गुंडाळी सारली, घोटे फिरवायला शिकवलं, डबीतली बडीशेप तळहातावर ठेवली. विमानातलं सारं सुख आत्याला तिनं दिलं. जेवणं झाली, भर दिवसा खिडक्या लावून अंधार केला, आणि म्हातारी आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. आत्या हलली नाही. खांदा बधिर झाला, तरी हलली नाही. पुष्कळ वेळानं गालाला गार लागलं, तेव्हा तिला कळलं.

"पलीकडच्या पोरानं कानातल्या वायरी काढल्या न् उठून गेला. इमानातल्या पोरी आल्या, शाल गळ्यापतुर घातली. मला म्हन्ल्या, पुढं पडद्याआड या, आडवं व्हा. तितं पलंगावानी खुर्च्या हायेत. मी म्हन्लं, न्हाई."

"का?"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी या खोऱ्यात जन्मलेच नाही. "मढं एकटं ठेवत्यात का गं? आपलं मानूस येईस्तवर कुनीतरी बसायचं. आन बसनाऱ्यानं उठायचं ते दुसऱ्यानं 'मी बसतो, तू ऊठ' म्हन्ल्यावरच."

विमान बदलायच्या परक्या शहरात सगळे उतरले. आत्याला चाकांच्या खुर्चीत घालून कुणीतरी ढकलत नेलं. ती मागे वळून ओरडत होती, "कुनीतरी बसा गं तिच्याजवळ!" मराठी तिथं कुणाला कळणार?

"मला कुनी उठीवलंच न्हाई," आत्या म्हणाली. "मी बसलीया अजून."

विमानातला तो पडदा, त्याच्या पुढची पलंगासारखी खुर्ची आणि मागची ती थंड पडलेली बाई, यावर माझ्याकडे दहा पत्रकांचा संताप होता. पण तो तिथं कुणाच्या कामाचा नव्हता. मी उठले, तिसऱ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी बसते. तू ऊठ."

"भुतं न्हाईत म्हन्तीस न् बसशील?"

"भुतं नाहीतच. पण एकटं पडून मेलेलं माणूस मी मानते."

आत्यानं बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं. मग पट्टा सोडला. मधल्या खुर्चीवरची शाल नीट केली, तिच्यापुढून तिरकी होऊन सरकली आणि अंगणात जाऊन उन्हात उभी राहिली. तिचे दोन्ही खांदे सारखे होते.

ती गेली. लेक तरली, नातू झाला. फोनवर आत्या त्याला खांद्यावर घेऊन दाखवते, त्याच खांद्यावर, आणि विचारते, "बरी हाय ना ती?" मी बरी आहे म्हणते. दुपारी मोजे घालून बसते, फुलपात्रात पाणी भरून ठेवते. घरघरीची आता सवय झाली आहे. परवा आरशात पाहिलं, तर माझी ओढणी एका बाजूनं घसरत होती.

म्हणून हे आज लिहिलं. तुमच्या घरातली कुणी म्हातारी परदेशी जाता-येताना विमानातच गेली असेल, पुरुषी घड्याळ घालणारी, बडीशेपेची डबी जवळ बाळगणारी, तर रिह्याला या. पडवी कुणीही दाखवील. ती नुसती शाल आहे की आणखी काही, हे तुम्हाला मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका. फक्त शेजारी या आणि म्हणा, 'आम्ही बसतो, तू ऊठ.'