फोटोबरोबर सल्ला फुकट

फोटो स्टुडिओच्या मालकांना अख्ख्या गावात कुणी त्यांच्या नावानं ओळखत नसे. पोरं त्यांना 'हलूनको काका' म्हणत, पोरांचे बाप नुसतं 'हलूनको' म्हणत, आणि बायको फारच चिडली तर 'अहो हलूनको' असं त्यांच्याच तोंडावर म्हणत असे. समोर माणूस बसला रे बसला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा, त्याला ते तरी काय करणार?

तसा त्यांचा हात चांगला होता. पण गावात दुसरे दोन फोटोवाले असताना शाळेच्या शेवटच्या वर्गातली पोरं ह्यांच्याकडेच का येत, ह्याचं कारण हातात नव्हतं, तोंडात होतं. कॉलेजच्या प्रवेशासाठी फोटो काढायला आलेल्या पोराला ते स्टुलावर बसवत, दोन बोटांनी हनुवटी धरत, मान थोडी डावीकडे वळवत, म्हणत, "हलू नको," आणि मग सुरू होत.

"हे बघ, पहिल्या बाकावर बसू नको, लोक चिडतात. शेवटच्यावर तर मुळीच नको, मास्तर चिडतात. मधला बाक धर, भिंतीकडचा. डोकं टेकवायला बरं पडतं. हलू नको. हॉस्टेलात साबण उसना देऊ नको. परत मागितलास तर मैत्री जाते, नाही मागितलास तर साबण जातो. आणि जो पहिल्याच दिवशी गळ्यात पडतो ना, तो पहिल्याच परीक्षेला तुझ्या वह्या मागतो. हनुवटी खाली. आणि एक लक्षात ठेव, पहिली सुट्टी लागेपर्यंत घराचं तोंड बघायचं नाही. एकदा पळून आलं की पायांना वाट पाठ होते."

मग खटका दाबला जाई.

बाहेर बाकावर बसलेल्या आयांना हे सगळं पडद्यामागून ऐकू यायचं आणि त्यांचा जीव थंडावायचा. घरी सांगून सांगून तोंड दुखलं तरी कार्टं ऐकत नाही, आणि इथं बघा कसं गुपचूप ऐकून घेतंय! पोरगं गुपचूप ऐकायचं कारण त्याची हनुवटी दुसऱ्याच्या हातात असायची. एवढ्या वर्षांत हलूनकोंना एकाही पोरानं उलटून काही विचारलं नव्हतं, आणि हे आपल्या बोलण्याचं वजन आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आता प्रश्न असा, की हे ज्ञान त्यांच्याकडे आलं कुठून? कॉलेजची पायरी ते चढले नव्हते. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं त्यांच्या स्टुडिओतल्या मागच्या पडद्यावर एक खांबवालं कॉलेज काढून ठेवलं होतं, त्याच्या पायऱ्यांवर मात्र ते रोज झाडू मारत. खरी शाळा वेगळीच होती. कॉलेजात गेलेली पोरं ओळखपत्र हरवून बसत. सुट्टीत घरी आली की नवं करायला नवा फोटो लागे. तेव्हा ती स्टुलावर बसण्याआधी, केस विंचरता विंचरता, आपली रडगाणी सांगत. कोण नापास झालं, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाला कुणी टोपी घातली. हलूनको ते सगळं मनात साठवत आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना वाटत.

"म्हणजे ज्यांना स्वतःचं कार्ड सांभाळता येत नाही, त्यांच्याकडून हे जगाची रीत शिकले," बायको बाहेरच्या खोलीत फोटोंच्या कडा कापता कापता म्हणायची. "ज्यांचं बरं चाललंय ते कशाला येतील ह्यांच्याकडं झक मारायला?"

"तू तुझी कात्री चालव."

"चालवतेय म्हणून बरंय. नाहीतर तुमच्या सल्ल्यावर घर चाललं असतं."

बायकोचं बोलणं ते ह्या कानानं ऐकत आणि त्या कानानं सोडून देत. त्यांना खरी सल होती ती लेकीची.

लेक ह्या वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. निकाल लागला, दूरच्या शहरातल्या कॉलेजात तिला जागा मिळाली, हॉस्टेलात खाट मिळाली. बॅग अर्धी भरून दाराशी उभी होती. आणि ह्या पोरीनं बापाला एका अक्षरानं काही विचारलं नव्हतं. प्रवेशाच्या वेळी फोटो लागला, तोसुद्धा तिनं मोरीबाहेरच्या पांढऱ्या भिंतीला टेकून मोबाइलवर काढला आणि पाठवून दिला. फोटोवाल्याच्या पोरीचा फोटो, आणि बापाला पत्ता नाही! हलूनकोंनी तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. उजेड एका बाजूनं, एक खांदा वर, आणि वर हसतेय. हसतेय! ओळखपत्रावर कुणी हसतं का?

"मला सांगितलं असतंस तर नीट काढला असता," ते म्हणाले.

"फोटो काढला असता हो," लेक म्हणाली. "पण बाकीचं पण ऐकावं लागलं असतं. बाबा, मी लहानपणापासून पडद्याच्या ह्या बाजूला बसून अभ्यास केलाय. साबणाचं मला पाठ आहे."

"मग विचार ना दुसरं काहीतरी."

"काय विचारू?"

"काहीही. काय विचारायचं तेही मीच सांगू का?"

लेक हसली आणि आईला मदत करायला निघून गेली. हलूनको तिच्या पाठीकडे बघत राहिले. परक्या पोरांना पोटभर वाढलं आणि स्वतःच्या लेकीनं ताटाकडे बघितलंही नाही, असं त्यांना झालं. तिनं जाण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, 'बाबा, मी काय करू?' असं विचारावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण मागून मिळेल असली ती वस्तू नव्हती.

अशात शाळेच्या मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. शेवटच्या वर्गातली पोरं कॉलेजांना पांगण्याआधी त्यांना निरोप द्यायचा होता. दरवर्षी कुणीतरी मोठा अधिकारी येऊन बोलायचा आणि पोरं झोपायची. ह्या वेळी बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, कॉलेजात जाताना तुम्हाला कुणाचं मार्गदर्शन झालं? शिक्षकांपैकी कुणाचं तरी नाव येईल म्हणून शिक्षक माना ताठ करून बसले होते. निम्म्या पोरांनी सांगितलं, हलूनको काका.

हलूनकोंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेकीनं विचारलं नाही तर नाही. आता ती त्याच वर्गात, त्याच सभागृहात बसणार, आणि सगळी शाळा आपल्या बापाला टाळ्या वाजवते हे आपल्या डोळ्यांनी बघणार. मग बघू विचारते की नाही.

"बाबा," लेक शाळेला निघण्यापूर्वी म्हणाली, "बोला, पण माझ्याकडे बघून बोलू नका."

"मी सगळ्यांकडे बघून बोलणार."

"सगळ्यांकडे बघा. मी सोडून."

इस्त्रीचा शर्ट घालून हलूनको मंचावर उभे राहिले. बाईंनी त्यांची ओळख करून दिली ती इतकी लांबलचक, की हे आपल्याबद्दलच चाललंय ना, म्हणून त्यांनी एकदा मागं वळून बघितलं. मग माइक त्यांच्या हाती आला.

"मुलांनो," ते म्हणाले. आणि गाडी तिथंच रुतली.

सगळं पाठ होतं. बाक, साबण, वह्या. पण समोर हे एवढं मोठं सभागृह, आणि त्यात कुणीही स्थिर नाही. कुणी शेजारणीच्या कानात बोलतंय, कुणी खुर्ची मागं झुलवतंय, कुणी चॉकलेटचा कागद वाजवतंय. हातात कुणाची हनुवटी नाही. हलूनकोंची दोन बोटं आपोआप हवेत गेली आणि काही न सापडता परत आली. लेक तिसऱ्या रांगेत होती. तिनं मान खाली घातली होती.

आणि मग त्यांची नजर त्या तिसऱ्या रांगेसमोर बसलेल्या एका ताडमाड पोरावर गेली. त्याच्या डोक्याआड तिघं झाकले गेले होते. शिवाय उजेड सगळा डावीकडच्या खिडक्यांतून. निम्मी तोंडं काळी.

"ए उंच," हलूनको माइकमध्ये म्हणाले. "तू मागं जा."

पोरगा उठला. सभागृहात हशा पिकला.

"हसताय काय? त्याच्या मागं तीन माणसं आहेत, ती काय शिक्षा म्हणून बसलीत? चष्मेवाली, तू पुढं ये. काचेवर उजेड येतोय, मान जरा खाली. तुम्ही दोघी चिकटून का बसलाय? एकीचा दंड दुसरीच्या पोटात गेलाय. सुटं व्हा, मरत नाही कुणी. आणि तो कोपऱ्यातला कोण? अंधारात काय अंडी घालतोयस? उजेडात ये की, बाबा!"

माइक खाली ठेवून ते मंचावरून उतरले. ह्याला उठव, त्याला बसव, खुर्च्या ओढ, पडदे सरकव. घाम आला पण हात थांबेना. खुद्द मोठ्या बाईंना त्यांनी खांद्याला धरून एका बाजूला केलं, कारण त्यांची सावली पडत होती. बऱ्याच वेळानं अख्खं सभागृह उतरत्या पायऱ्यांसारखं नीट लागलं, प्रत्येक तोंड दिसायला लागलं, तेव्हा ते मंचावर चढले आणि समाधानानं म्हणाले, "बस्. आता हलू नका."

सगळे स्थिर झाले. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली. आणि मग, आहाहा, मोकळं झालं सगळं! साबण, बाक, वह्या, सगळं घशापर्यंत आलं. हलूनकोंनी माइक उचलला, तोंड उघडलं.

घंटा झाली.

पोरं भुर्रकन उठली, कारण पुढं खायला होतं. पण उठता उठता त्यांनी टाळ्या अशा वाजवल्या की छप्पर उडावं. एवढं छोटं भाषण त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मोठ्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि आभार मानताना त्या म्हणाल्या, की काकांनी उपदेशाचा एक शब्दही न बोलता आपल्याला केवढी मोठी गोष्ट शिकवली! गणिताचे सर तर हात सोडेनात. "उंच माणसानं मागं उभं राहून इतरांना दिसू द्यावं! अंधारातल्याला उजेडात आणावं! काय सांगितलंत हो!"

'अहो, उजेड बोंबलला होता,' असं हलूनकोंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, बाईंच्या हातात फुलांचा गुच्छ होता, आणि माणूस शेवटी माणूसच. "छे, छे," ते म्हणाले, "आता एवढ्याला काय!"

घरी निघाले तेव्हा लेक बरोबर होती. गुच्छ तिनं घेतला होता आणि तो झाडूसारखा उलटा धरून ती गप्प चालत होती. दुपारची वेळ, निम्म्या दुकानांची दारं लोटलेली. हलूनकोंना वाटलं, आता आपली बिनपाण्यानं हजामत होणार. सरांना फसवता येतं, ही तर पडद्यामागं वाढलेली पोर.

"बोल," ते म्हणाले. "बोलून टाक."

"बाबा, एक विचारू?"

हलूनको चपलेच्या दुकानासमोर थांबलेच. "विचार की."

"मला तिथं करमलंच नाही तर?" ती गुच्छाकडे बघत म्हणाली. "म्हणजे, खूपच नाही करमलं तर. मी काय करू?"

उत्तर तयार होतं. इतक्या पोरांना दिलेलं, इतक्या आयांनी मान डोलावलेलं. पहिली सुट्टी लागेपर्यंत घराचं तोंड बघायचं नाही. पण पोरीची हनुवटी मोकळी होती आणि ती किंचित हलत होती.

"ये," हलूनको म्हणाले.

"काय?"

"परत ये. बस मिळाली की बसायचं."

लेक बघतच राहिली. "आणि किराणावाल्याच्या पोराला? तो रडत आला होता तेव्हा तुम्हीच त्याला दुसऱ्या दिवशी परत पाठवलंत. पायांना वाट पाठ होते म्हणालात."

"पाठवला ना. आता तो सुट्टीतसुद्धा येत नाही. त्याचा बाप परवा मला म्हणाला, हलूनको, तुम्ही पोराला इतकं चांगलं समजावलंत, की आता जरा उलटं समजावा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, स्टुलावर आणून बसवा. तर म्हणे, तो घरी आला तर ना!"

लेकीला हसू फुटलं आणि ते मध्येच कुठंतरी अडकलं. तिनं नाक ओढलं. "आणि मी पहिल्याच आठवड्यात आले तर? लोक म्हणतील, जगाला शहाणपण शिकवतात आणि स्वतःचीच पोरगी पळून आली."

हलूनकोंनी ह्यावर विचार केला. सरांचे डोळे आठवले, बाकावरच्या आया आठवल्या. विचार जरा जास्तच वेळ चालला.

"म्हणू दे," ते शेवटी म्हणाले. "पण आलीस तर दुकान बंद झाल्यावर ये म्हणजे बरं."

"बाबा!"

"बरं बाई, कधीही ये."

लेक आता नीट हसली. गुच्छ सुलटा धरून ती दोन पावलं पुढं गेली आणि वळून म्हणाली, "हा सल्ला मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नका. धंदा बसेल."

दुकानाच्या दारात बायको वाट बघत उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. "ऐकलं मी, लई गाजवलंत म्हणे! न बोलता!" ती म्हणाली. लेक आत गेल्यावर तिनं आवाज उतरवला. "मग, वाटेत लेकीनं विचारलं का काही?"

"छे," हलूनको म्हणाले आणि चपला काढायला खाली वाकले. "तिला कुठं काय विचारायचं असतं?"