कंपाउंडरकाकांचे रंधा मशीन

वेड लागावे तर असे लागावे! त्या सकाळी कंपाउंडरकाकांनी तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढून ठेवल्या, कारण ठरलेल्या वेळेला अजून दीड तास होता. चौथ्यांदा ते दाराशी गेले तेव्हा काकूच पदर खोचून उठल्या.

"चला एकदाचे. नाहीतर चपलेचा अंगठा घरातच तुटायचा."

कुठे निघाली होती ही जोडी? जुने रंधा मशीन बघायला! गावाच्या दुसऱ्या टोकाला एक वयोवृद्ध मिस्त्री आपले सुतारकामाचे दुकान कायमचे बंद करत होते. करवती गेल्या, पटाश्या गेल्या, उरले होते ते बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, साडेतीनशे किलोचे मशीन. त्याच्या लांब टेबलाच्या मधोमध पाती गरगर फिरतात. वरून खडबडीत फळी सरकवावी, आणि पलीकडे ती तळहातासारखी सपाट होऊन निघावी.

काकांना हे मशीन कशासाठी हवे होते? हौसेसाठी? नव्हे, नव्हे! चाळीस वर्षे ते दवाखान्याच्या छोट्या खिडकीआड उभे राहिले. बाटलीत औषध ओतावे, बाहेरून खाचांची कागदी पट्टी चिकटवावी, आणि एकेका खाचेइतका डोस एकेका वेळी घ्यायला सांगावा. त्यांच्या हातून कधी थेंब इकडचा तिकडे झाला नाही. पण त्या खिडकीतून त्यांना रोज एक गोष्ट दिसे. बसक्या बाकावरून म्हातारी माणसे उठू शकत नसत. कुणी भिंत धरी, कुणी शेजाऱ्याचा खांदा धरी, कुणी लाजून बसूनच राही. ते पाहून या माणसाच्या काळजाला पाझर फुटला. त्याने घराच्या मागच्या खोलीत सुतारकाम शिकायला घेतले आणि खुर्च्या करू लागला. बैठक उंच, हात भक्कम. आधी त्या माणसाच्या गुडघ्याची उंची मोजायची, मग लाकडाला हात लावायचा. तीस वर्षे ही सेवा चालली आणि तीस वर्षे हातरंध्यानेच चालली.

यंदा मात्र उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "काका, हात हवा असेल तर रंधा सोडा." रंधा सुटला म्हणजे खुर्ची सुटली, आणि खुर्ची सुटली म्हणजे काकांच्या जगण्यातला गोडवाच सुटला! मागच्या खोलीत आठ फळ्या तशाच खडबडीत पडून होत्या. शेजारच्या शाळेतल्या बाई खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वीस दिवसांनी घरी यायच्या होत्या, आणि त्यांना खुर्चीचा शब्द दिलेला होता.

दुकानात पाऊल टाकले मात्र, काका जागच्या जागी थबकले. रिकाम्या भिंतींवर हत्यारांच्या फिकट खुणा होत्या, कोपऱ्यात भुशाचा ढीग होता, आणि मधोमध ते हिरवे, धीरगंभीर मशीन उभे होते.

"अहो, तोंड मिटा," काकू कुजबुजल्या. "घ्यायला आलोय हे इतकं कळू देऊ नका."

मिस्त्री हसले. "कळलंय, वहिनी. दुपारी भंगारवाला यायचाय. तो घणाने फोडून नेणार. त्याआधी कामाचा माणूस मिळाला तर मलाही बरंच."

काकांनी पिशवीतून काय काढावे? दवाखान्यातला जुना स्टेथोस्कोप! एका हाताने मोटरचा पट्टा फिरवत त्यांनी मशीनच्या बेअरिंगला नळी लावली आणि डोळे मिटले.

"जीभ बाहेर काढायला सांगू का त्याला?" मिस्त्रींनी विचारले.

"शांत! छाती स्वच्छ आहे," काका उद्गारले. "घरच्या विजेवर चालेल ना?"

"घरच्याच विजेची मोटर आहे."

आनंद काकांच्या अंगात मावेना. आता एकच परीक्षा उरली होती. त्यांनी घरून काखेत मारून आणलेली आपली चार हात लांबीची लाकडी पट्टी पुढे केली. तीस वर्षांपूर्वी स्वतः घासून केलेली ही पट्टी म्हणजे त्यांच्या खोलीतला न्यायाधीश. तिने सरळ म्हटले ते सरळ, तिने वाकडे म्हटले ते वाकडे. पट्टीची कड टेबलावर उभी ठेवून त्यांनी खाली वाकून पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. उजव्या टोकाखालून उजेड येत होता! चांगला पोस्टकार्ड सरकेल एवढा.

"मिस्त्री," ते जड आवाजात म्हणाले, "तुमचं टेबल वाकलंय."

मिस्त्रींच्या हातातले फडके खाली पडले. "काय म्हणालात?"

"उजवीकडे खाली गेलंय. बघा, उजेड दिसतोय."

"चाळीस वर्षं या टेबलावरून दारं गेली, पाळणे गेले. एक माणूस असं बोलला नाही! राहू द्या. भंगारवाला परवडला, तो निदान नावं तरी ठेवत नाही. या तुम्ही."

काका पट्टी उचलून उभे राहिले. पाय निघेनात. वाकड्या टेबलावर सरळ फळी व्हायची कशी? आणि हे मशीन नाही तर दुसरे आणायचे कुठून? मागच्या खोलीला आता कुलूप घालायचे, एवढेच उरले होते.

तेवढ्यात काकूंनी सहज विचारले, "टेबल पट्टीने तपासलंत. पट्टी कशाने तपासलीत?"

काका गोंधळले. "पट्टी? अगं, ती पट्टी आहे!"

"वहिनी, लाखातलं बोललात!" मिस्त्री पुढे झाले. "टोकं उलटी करून ठेवा हो. उजवं टोक डावीकडे."

काकांनी पट्टी फिरवून ठेवली आणि वाकून पाहिले. उजेड डावीकडे गेला होता! टेबल जिथल्या तिथे होते, उजेड पट्टीबरोबर फिरला होता.

वाकडे कोण होते? ज्याला तीस वर्षे न्यायासनावर बसवले, तोच! ज्या माणसाने दुसऱ्यांच्या औषधाचा थेंबन् थेंब मोजला, त्याने स्वतःचे माप मात्र एकदाही मापले नव्हते. काकांचे कान लाल झाले.

"म्हणूनच आपलं स्टूल डुलतं," काकू म्हणाल्या. "आणि मी जमिनीला दोष देत होते."

काकांनी दोन्ही तळहात त्या थंड बीडावर टेकवले आणि मान लववली. "मिस्त्री, तुमची माफी मागतो. आणि याचीही."

मिस्त्रींनी फडके उचलून खांद्यावर टाकले. मग त्यांनी बटण दाबले. मोटर घुमली, पाती गुणगुणू लागली, आणि रिकामे दुकान नादाने भरून गेले.

"आणा ती पट्टी. इथे उभे राहा. हात पात्यांच्या वर न्यायचे नाहीत, या ठोकळ्याने धरायचं. जोर नका लावू. नुसतं बरोबर चाला."

काकांना धास्ती खांद्याची. आता कळ येणार, आता हात थांबणार! पट्टी पुढे सरकली, पात्यांनी तिला हळूच स्पर्श केला, भुसा उडाला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि खांदा? खांद्याने चकार शब्द काढला नाही! ज्या मशीनला त्यांनी वाकडे म्हटले, त्यानेच त्यांची पट्टी सरळ करून हाती दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, पाहिले, फिरवून ठेवली, पुन्हा पाहिले. उजेडाची रेघसुद्धा नव्हती.

"दुखलं का?" काकूंनी विचारले.

काकांनी नाही म्हणून मान हलवली आणि उपरण्याने डोळे टिपले.

मिस्त्रींनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नका. घर मिळालं त्याला."

मग काय विचारता! टेबलाचे दोन्ही भाग सुटे झाले, टेम्पो आला, गल्लीतली चार दणकट माणसे धावली. लोखंडी नळ्यांवरून इंच इंच सरकत ते जडशीळ धड मागच्या खोलीत शिरले, तेव्हा चौकटीला तसूभर जागा उरली होती. काकू पुढून ओरडत होत्या, "डावीकडे! माझी भिंत सांभाळा!" आणि काका मागून ओरडत होते, "भिंत पुन्हा बांधू, मशीन सांभाळा!"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः आले. पायांखाली पाचरी घालून मशीन समपातळीत आणले, पाती लावली, आणि निघतो निघतो म्हणत खोलीतच रेंगाळले. काकांनी पहिली फळी घातली. दुसरी घातली. तिसरीला मिस्त्रींना राहवेना.

"एक मी घालू?"

"घाला की!"

मग एक यांची, एक त्यांची. लाकडाच्या रेषा ओल्या शाईसारख्या उमटू लागल्या. सात फळ्या झाल्या, आठवी उरली.

"पाळी माझी," काका म्हणाले.

"तुमची मघाशी झाली."

"ती अर्धी होती, मध्ये वीज गेली होती!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "दोघेही जेवायला चला. आणि मिस्त्री, उद्यापासून रोज येत जा. हे एकटे असले की जेवायचं विसरतात."

"येतो," मिस्त्री पटकन म्हणाले आणि फळीचे दुसरे टोक धरले. "एवढी एक होऊ दे."