काळ्या चौकोनाला वेळ लागतो

लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. ऑफिसने सांगितलं, घरून काम कर, पण आधी घरचा स्क्रीन पास करून दाखव. सोमवारी चारपर्यंत रिपोर्ट पाठव. नाहीतर नाहूरवरून रोज मालाडला ये.

नात सहा महिन्यांची. अंगावर पिणारी, बाटली समोर धरली की तोंड फिरवायची. माझा उजवा हात एकदा मोडलेला, त्यात जोर नाही. दिवसभर तिला उचलणं माझ्याच्याने होत नव्हतं. जावयाचं काम कधी असतं, कधी नसतं. म्हणजे स्क्रीन नापास झाला तर लेकीची नोकरी गेली. एवढं मला कळत होतं, बाकीचं काही कळत नव्हतं.

तिचं काम सिरियलीतले रंग नीट करायचं. स्क्रीनच खोटा रंग दाखवत असेल तर ती खरा कुठून करणार? म्हणून आधी स्क्रीन मोजतात. मोजायला ऑफिसने दोन यंत्रं पाठवली, साबणाच्या वडीएवढी, एक नवं, एक जुनं. दोन्ही लावून बघ, पटेल त्याचा रिपोर्ट दे. आणि ती यंत्रं हातात आली सोमवारीच, दुपारी बाराला.

लेकीने स्क्रीनसमोर तिपाईवर नवं यंत्र बसवलं. स्क्रीनवर एकेका रंगाचा चौकोन येतो, यंत्र त्याच्याकडे बघतं आणि आकडा लिहितं. खोलीत काळोख हवा. मी खिडकीला दोन गोधड्या ठोकल्या, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं.

"पंखा बंद करू?"

"पंखा चालेल गं. उजेड नको फक्त."

"आणि ही रडली तर?"

"रडू दे. यंत्राला कान नाहीत."

नवं यंत्र भेंडी चिरावी तसं चाललं. फटाफट. दहा मिनिटांत मोकळं. नापास. परत लावलं, पास! मी हात जोडले. लेकीने खात्रीसाठी तिसऱ्यांदा लावलं, परत नापास.

"लाल, हिरवा, पांढरा, सगळं बरोबर सांगतंय," ती म्हणाली. "काळपट चौकोन आले की वाट लागते त्याची. दर वेळी वेगळाच आकडा."

"मग पास झालेला पाठव ना. संपला विषय."

"आई, त्याला काळोखात दिसतच नाहीय. अंदाजाने ठोकतंय."

"ऑफिसला काय कळतंय?"

"आज नाही कळणार. मी काळोखातला सीन केला की कळेल. त्यांच्या टीव्हीवर नुसता चिखल दिसेल."

मला राग आला. एक वाजलेला. पास झालेला कागद हातात आणि ही पोरगी तो बाजूला ठेवते. मांडीवर नात, पाय हलवत बसले.

मग जुनं लावलं. ती बैलगाडी. उजेडाचे चौकोन कसेबसे उरकले, काळे आले की बसूनच राहायचं. एकेकाला अर्धा अर्धा मिनिट. तेवढ्यात शेजारणीने दार वाजवलं, "काय गो, भरदुपारी कोंडून काय घेतलंय?" आम्ही दोघी एकदम ओरडलो, "दार उघडू नको!" ती घाबरून गेली बिचारी.

तासाने कळलं, नापास. लेकीने नुसते काळे चौकोन दोनदा परत मोजले. दोन्ही वेळा नापास, आणि आकडा अगदी तोच. तिने डोकं धरलं. अडीच वाजून गेले होते.

मी चाळीस वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल लावले. शाळा दुसरीपर्यंत, पण रंग मला कुणी शिकवायला नको. सगळ्यात त्रासाची काळी साडी. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेला फॉल दारात आणून धरला की एक काळा निळा निघतो, एक तपकिरी. काळ्याला घाई चालत नाही. म्हणून मी म्हटलं, "नवं प्रत्येक वेळी वेगळं सांगतंय. हे तीनदा एकच सांगतंय. म्हणजे त्याला काहीतरी दिसतंय. काय दिसतंय ते बघ."

"सगळं बंद आहे आई."

बंदच होतं. पण मी तिपाईमागे बसले, यंत्राच्या उंचीला डोळे आणले. काळ्या स्क्रीनमध्ये डाळिंबाच्या दाण्याएवढं लाल काहीतरी होतं. मागे वळले. भिंतीवर ह्यांचा फोटो आणि खाली छोटा लाल दिवा.

हे गेले त्या दिवसापासून तो पेटलेला. लाईट गेली तरच विझतो. दोघींनी त्याला दिवा म्हणून धरलंच नव्हतं.

लेक म्हणाली, "राहू दे. मी फोटोवर चादर टाकते."

"चादरीतून दिसेल."

"आई, नको ना."

"तासभर बसतील काळोखात. बापच आहेत तुझे." मी बटण दाबलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताने. कसंतरी झालं, पण वेळ नव्हता.

पावणेतीनला जुनं यंत्र पहिल्यापासून लावलं. तो तास सरता सरेना. घड्याळ दिसत नव्हतं, मोबाईल काढायचा नाही. लेक काळोखातच नातीला पाजत होती. मी चौकोन मोजत होते, मध्येच चुकत होते, परत मोजत होते. काळे आले तेव्हा श्वाससुद्धा हळू घेतला, जसं काही त्याने फरक पडतो.

पास. पावणेचारला रिपोर्ट गेला.

दिवा लावला, फोटोपुढे थोडा वेळ उभी राहिले. उत्तर त्या दिवशी आलंच नाही. लेक दर पाच मिनिटांनी मोबाईल बघायची आणि मी तिच्याकडे. दोघी धड जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती आतून म्हणाली, "आई, ठेवलं गं त्यांनी. घरून कर म्हणाले."

"मग लाग कामाला," मी म्हटलं.

ती स्क्रीनसमोर बसली. मी नातीला तिच्या पायांशी चटईवर ठेवलं. ती पालथी पडली आणि आईचा अंगठा धरायला सरकायला लागली.