चंपाचं अंथरूण

चार मास्तर एका खोलीत चहा प्यायला लागले की किस्से साचतातच. पन्नास सालानंतरची गोष्ट सांगतो. सेलूकडच्या आमच्या शाळेत त्या खोलीत एक ससीही राहायची, म्हणजे विचारूच नका!

चंपा तिचं नाव. पांढरी शुभ्र, रामटेके गुरुजींचा जीव की प्राण. तिची पहिली पिल्लं ओल्या खुराड्यात गारठून गेली, तेव्हा हा गडी जेवला नाही. हेडमास्तर भोयर गुरुजींनी बजावलं, "यंदा पिल्लं जगले नाई, त चंपाले बाजारात देऊन टाकजो. जीव माराले आपण शाळा नाई काढली." तेव्हापासून चंपाचं अंथरूण हा आम्हा सगळ्यांचाच विषय झाला.

०

आधी सुताराकडून सागाचा भुसा आणला, पिठासारखा बारीक. चंपा शिंकायला लागली, मग रामटेके, मग मी. प्रार्थनेत हेडमास्तरही शिंकले, आणि भुसा बाहेर गेला.

०

मग नागपूरचा पेपर अंथरला. दुपारी हेडमास्तर शोधून राहिले, "माहा पेपर कोठी हाय?"

"चंपाच्या अंगाखाली," रामटेके शांतपणे म्हणाले. "पण बिघडलं नाई गुरुजी. अर्ध्या बातम्या तिच्या पोटावर उमटल्या हायेत, वाचून घ्या."

चंपा पुढं कितीतरी दिवस करड्या रंगाची फिरली.

०

आमचा मुलूख कापसाचा, शाळेत रोज टकळीवर सूत कातायचा तास. कापसाहून मऊ काय असणार? छान पिंजलेला कापूस खुराड्यात भरला. हेडमास्तर हात फिरवून म्हणाले, "राजाची गादी हाय!"

सकाळी पाहतो तर चंपाच्या पायाला तंतू आवळून पंजा सुजलेला. मी तिला धरलं आणि रामटेकेंनी कात्रीनं एकेक तंतू कापला.

"कापसाच्या मुलखात कापूसच नाई चालत मंते, घ्या आता," असं पुटपुटत हेडमास्तर टकळीच्या तासाला गेले.

०

शेवटी वाळलेलं गवत आणलं. रामटेके मूठमूठ नाकाशी धरायचे, कुबट वास आला की फेकून द्यायचे. "तुम्हीच खाता का आता?" मी चिडवायचो. ते हसत नसत. चंपाचे दिवस भरत आले होते.

०

शनिवारी सकाळची शाळा. ऊन तापलं म्हणून हेडमास्तरांनी लोकरी कोट काढून टेबलाखालच्या टोपलीत ठेवला आणि विसरून घरी गेले. लग्नातला कोट तो, कोणाला हात लावू देत नसत. आणि खुराड्याची कडी कोणीतरी अर्धवटच लावली.

सोमवारी थंडी अशी, की दात वाजत होते. खुराडं उघडं, गवत नाहीसं. रामटेके खालीच बसले. "गेली माही चंपा."

हेडमास्तर कोट घ्यायला वाकले ते वाकलेलेच राहिले. टोपलीत कोट, कोटावर गवत, गवतावर चंपानं आपल्याच पोटाचे उपटलेले केस, आणि त्या केसांखाली काहीतरी हलत होतं. गुलाबी, उघडंवाघडं, जिवंत. चंपा टेबलाच्या पायाशी मिशा हलवत बसली होती.

रामटेकेंनी भीतभीत विचारलं, "गुरुजी, कोट काढून देऊ का तुमचा?"

हेडमास्तरांनी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, खडू उचलला आणि वर्गाकडे निघाले.

"काऊन? मले कोठी थंडी वाजून राह्यली?"