नाटकाकडे पाठ करून बसणारे आबाजी

आबाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्याच नाटकात, आणि तेव्हा ते नाटकाकडे पाठ करून बसले होते. इंझोरीच्या शाळेवर मी नुकताच रुजू झालो होतो. माघात गावाबाहेरच्या खळ्यात संगीत नाटक होतं आणि नवा मास्तर म्हणून मला पुढची जागा मिळाली होती. पडदा वर गेला, पेटीनं सूर धरला, नांदीला उभ्या राहिलेल्या मंडळींनी डोळे मिटले. आणि रंगमंचाच्या पायाशी, सरकीच्या पोत्यावर, एक उंच वाळका गृहस्थ आमच्याकडे तोंड करून खुशाल बसलेला. मला वाटलं, खिसेकापूंवर नजर ठेवायला कुणी बसवला असेल. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “ते आबाजी हायेत. हे नाटक त्याइनंच बसवलं.”

“मग ते बघत का नाहीत?”

“त्याइले नाटक ठाऊक हाये नं. लोकं ठाऊक नाहीत.”

पुढच्या वर्षी मी त्या मंडळीत प्रॉम्प्टर म्हणून ओढला गेलो. विंगेत उभं राहिलं की एका अंगाला नट दिसत आणि दुसऱ्या अंगाला आबाजी. खरं सांगायचं तर मला आबाजींचंच तोंड पाहावंसं वाटे. सगळं खळं हसत असताना ते हसत नसत. कोण हसलं नाही ते शोधत असत. टाळ्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. “टाळीचं काय सांगता मास्तर,” ते म्हणत, “टाळी मानूस शेजारच्याचं पाहून वाजवते. उठून जाते ते मात्र आपल्या मनानं. कोन उठलं ते पाहा.”

घरची शेती बरी होती, मुलं हाताशी आली होती, त्यामुळे आबाजींकडे चौकशीला भरपूर वेळ होता. ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा त्यांचा लाडका शब्द. गावातली पोरं त्यांना मागून ‘काहून आबाजी’ म्हणत आणि हे त्यांना माहीत होतं. पोहरादेवीच्या यात्रेत एका हलवायाकडे गर्दी आणि शेजारच्याकडे माशा, हे पाहून हे गृहस्थ देवदर्शन विसरून अर्धा दिवस तिथंच उभे राहिले. संध्याकाळी बैलगाडीत बसताना म्हणाले, “समजलं. जिलबी दोघायची सारखीच हाये. पन त्याच्यापाशी बसाले सावली हाये.” एवढं बोलून ते असे टेकून बसले की जणू फार मोठा निकाल लागला.

पण एका ‘काहून’चं उत्तर त्यांना सापडत नव्हतं, आणि तेच त्यांना खात होतं. नाटकाला तरुण माणूस येईनासा झाला होता. आबाजी पोत्यावरून बघत तर समोर सगळे पांढऱ्या मिशीवाले. पोरं यात्रेतल्या तंबूतल्या सिनेमाला जात, आणि आलीच तर अर्ध्यावर उठून जात. नवा श्रोता नाही म्हणून नवा नट नाही. राणीचं काम करणारे हसनभाई आता चाळिशी ओलांडून गेले होते आणि त्यांच्यामागं ते काम उचलणारं कुणी नव्हतं.

हसनभाई म्हणजे आमच्या गावचे बांगडीवाले. हातात लाखेच्या आणि काचेच्या बांगड्या, गळ्यात मध. नाटक आबाजींनीच रचलेलं, त्यातली वनवासाला निघालेली राणी गेली कित्येक वर्षं हसनभाईच करत. रानात एकटी पडल्यावर ती म्हणते, ‘वाट पुसू मी कुणा, सये गं, वाट पुसू मी कुणा’. हे पद हसनभाई असं आळवत की म्हातारे पुन्हा पुन्हा मागत आणि राणीला तासभर वाट सापडत नसे. आबाजी आणि हसनभाई लहानपणापासूनचे सोबती. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, पण तसं कबूल करायला दोघंही तयार नव्हते.

मग लढाईच्या दिवसांत घासलेट मिळेनासं झालं. गॅसबत्त्या पेटवायच्या कशावर? मंडळी हवालदिल झाली. आबाजी मात्र म्हणाले, “दिवसा करू. उजेडात कोन मना करते?” आणि खरोखरच भर दुपारी, खळ्यावर कनाती लावून, नाटक झालं. रात्री ज्या लेकी घराबाहेर पडत नसत त्या दिवसा आयांबरोबर आल्या. बायकांची बाजू कधी नव्हे ती भरली. मागं झाडाच्या सावलीत तरुण पोरंही उभी राहिली. आबाजींना पहिल्यांदाच शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांची तोंडं दिसत होती. ते पोत्यावर नुसते फुलून आले होते.

हसनभाईंचं पद सुरू झालं. थोडा वेळ गेला आणि बायकांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या. पाचसहा मुली उठल्या आणि बाहेर निघून गेल्या. त्यांच्यामागोमाग झाडाखालची पोरंही गेली. राणी वाट पुसतच राहिली. विंगेतून मी आबाजींकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पार उतरला होता.

दुसऱ्या दिवशी ते हसनभाईंच्या दुकानात गेले. मी बरोबर होतो. आबाजींना आडवळणानं बोलता येत नसे. “हसन, पुढच्या साली तुह्यं पद दोनदा म्हन अन् सोड.”

“काहून?”

“पोट्टे-पोट्ट्या उठून राह्यले.”

हसनभाईंनी हातातली बांगडी हळूच खाली ठेवली. “आबा, इतके वर्सं मी गाऊन राह्यलो. तू एक डाव तरी माह्याकडं तोंड करून बसला का? लोकायचे तोंडं पाह्यत बसला. आता लोकायच्या तोंडासाठी माहा गळा कापून राह्यला का?” मग ते गिऱ्हाइकाकडे वळले. “तुह्यी रानी दुसरी कोनी पाह्य.”

आबाजींनी दुसरी पाहिली. एक कोवळा पोरगा उभा केला, पद चार ओळींत उरकलं, दोन तलवारबाज्या घातल्या, एक राक्षस वाढवला. राणी बाईसारखी चालेना म्हणून पोरं हसली, राक्षसाची मिशी गळाली म्हणून आणखी हसली, आणि मग हसणं संपल्यावर उठून गेली. या वेळी म्हातारेही उठले. आबाजींनी ते सगळं पोत्यावर बसून नीट पाहिलं. मला त्यांची फार कीव आली आणि त्यांचा रागही आला, कारण त्या वर्षभरात त्यांनी हसनभाईंच्या गल्लीतून जाणंही सोडलं होतं.

मंडळीची बैठक झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की पडदे आणि लाकूडफाटा देवळाला देऊन टाकावा, सप्त्याच्या मांडवाला कामी येईल. आबाजी म्हणाले, “द्या. पन पोट्टे काहून उठले ते मले अजून समजलं नाही. एक साल थांबा. समजलं नाही त माह्या हातानं पडदे नेऊन देतो.” त्यांच्या आयुष्याची सगळी हौस त्या पडद्यांत होती. लोक थांबले ते नाटकासाठी नाही, आबाजींच्या तोंडाकडे पाहून.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. सकाळी मी आबाजींच्या ओट्यावर चहा घेत होतो आणि समोरून मुली कापसासाठी कमरेला ओट्या बांधून शेतावर निघाल्या होत्या. चालता चालता त्या गुणगुणत होत्या, ‘वाट पुसू मी कुणा, सये गं’. आबाजींच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनी शेजारच्या काशीला हाक मारली. दिवसाच्या नाटकातून सगळ्यांत आधी उठलेली मुलगी हीच होती, आणि आबाजी उठलेलं माणूस विसरत नसत.

“काशे, थांब वो. हे पद तुले कोनं शिकवलं?”

“हसनमामानं. बांगड्या भरताना ते हात आवयून धरतेत, दुखते. मंग म्हनतेत, म्हना पोरीहो माह्यासंग. म्हनता म्हनता बांगडी कवा चढली ते समजत नाही.”

“मंग नाटकात हेच पद चालू होतं तवा तू उठली काहून?”

काशी खाली पाहू लागली. “आमी संग म्हनाले लागलो त पाटलीनबाईनं डोये वटारले. मांगून कोनी म्हने, चूप बसा, हे भजन नोय. तोंडात आलेलं गानं गियून कसं बसाव, आबाजी? म्हनून भायेर गेलो.”

“भायेर जाऊन काय केलं?”

“बाभयीखाली बसून म्हनलं. पोट्टेबी आले. ते झील धरत होते.”

झील म्हणजे मुख्य गाणाऱ्याची ओळ मागच्यांनी उचलून धरायची. आमच्याकडे भजनात, दंडारीच्या नाचगाण्यात झील असतेच; तिच्याशिवाय गाणं पुरं झालं असं कुणाला वाटत नाही. संगीत नाटकात मात्र श्रोत्यांनी तोंड मिटून बसायचं, ही शिस्त आबाजींनीच शहरातल्या कंपन्यांची नाटकं पाहून आणली होती.

मुली गेल्या. आबाजी ओट्यावरून उठले, पुन्हा बसले. “मास्तर, मी निसत्या उठलेल्यायच्या पाठी पाह्यल्या. त्याइच्या मांगं जाऊन एक डावबी पाह्यलं नाही.” चहा तसाच टाकून ते निघाले, ते थेट हसनभाईंच्या दुकानात.

दुकानात चारपाच बाया बसल्या होत्या. आबाजी त्यांच्या रांगेत बसले. पाळी आल्यावर त्यांनी बाही वर सारली आणि हात पुढं केला. “हसन, मले बांगडी भर. पद म्हनत म्हनत भर. मले पाह्यचं हाये कसं लागते ते.”

बायांनी पदर तोंडाला लावले. गावातला दुसरा एखादा माणूस असं करता तर जन्मभर चेष्टा झाली असती. पण आबाजींच्या चेहऱ्यावर इतकं खरं कुतूहल होतं की कुणाला धड हसताही येईना. हसनभाईंनी तो हात धरला आणि असा आवळला की आबाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. एक बांगडी फुटली. दुसरी घेताना हसनभाईंच्या तोंडून आपोआप ओळ निघाली. आबाजींनी बेसूर झील धरली. बाया हसत हसत त्यात मिसळल्या आणि बांगडी मनगटावर कधी उतरली ते मला बघतानाही कळलं नाही.

आबाजी मनगटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी काशीची हकीकत सांगितली. “पद कापाचं नव्हतं हसन. त्याइले द्यायचं होतं. माह्यं चुकलं.”

हसनभाईंनी फुटलेल्या बांगडीचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, “येतो. पन एक शर्त हाये. माह्यं पद चालू असताना तू माह्याकडं तोंड करून बसशीन.”

“अन् लोकं कोन पाह्यीन?”

“ते मास्तर पाह्यतीन.”

आबाजींना ही शिक्षा फार जड गेली. तरी त्यांनी मान हलवली.

माघात पुन्हा भर दुपारी नाटक झालं. पडद्याआधी आबाजींनी पुढं येऊन फक्त एवढंच सांगितलं, “ज्याले पद येते त्यानं म्हनाव. कोनी डोये वटारू नये.” लोकांना ते नीटसं पटलेलं दिसलं नाही. पदाची वेळ झाली तेव्हा मी विंगेतून पाहिलं. आबाजींनी पोतं फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हसनभाईंसमोर बसले. जुनं जरीचं लुगडं नेसलेले हसनभाई त्यांच्याकडे पाहून क्षणभर गाणंच विसरले. मी हळूच शब्द पुरवला.

पहिल्यांदा ओळ झाली. हसनभाई थांबले. कुणी उचलली नाही. दुसऱ्यांदा झाली, तरी नाही. म्हातारे खाकरू लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या. तो आवाज आबाजींना ओळखीचा होता. त्यांची मान वळायला लागली आणि त्यांनी ती आवरली. गुडघ्यावरची मूठ आवळून त्यांनी मला विचारलं, “मास्तर, उठले का?”

“उठल्या,” मी म्हणालो.

“कोन?”

“काशी आणि सगळ्या पोरी.”

“गेल्या?”

मुली बाहेर जात नव्हत्या. बसलेल्यांमधून वाट काढत त्या पुढं येत होत्या, थेट रंगमंचाच्या पायाशी, आबाजींच्या पाठीमागं. तिथं उभ्या राहून त्यांनी ओळ उचलली, आणि मागून, झाडाखालून, पोरांनी झील धरली. सगळं खळं त्या सुरानं भरून गेलं. आबाजी वळले नाहीत. शर्त म्हणजे शर्त. ते हसनभाईंकडे पाहत राहिले, आणि राणीच्या पोशाखातले हसनभाई गाता गाता रडत होते, म्हणून आबाजीही रडायला लागले.

पडदे देवळात गेले नाहीत. नाटक दिवसाचं ते दिवसाचंच राहिलं, घासलेट मिळू लागल्यावरही. त्या पदापुरतं आबाजी दरवर्षी पोतं फिरवून बसत आणि मान न वळवता मला विचारत, “मास्तर, कोन उठलं?” राणीचं काम शिकायला आता पोरं हसनभाईंच्या दुकानात येऊन बसू लागली होती.

काही वर्षांनी, ऐन वेचणीत, आबाजी थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेले. त्या माघात नाटक करावं की नाही असा प्रश्न आला. हसनभाई म्हणाले, करायचंच. पदाची वेळ आली. दरवर्षीच्या सवयीनं मी विंगेतून पुढं होऊन सरकीचं रिकामं पोतं रंगमंचाकडे फिरवलं. हसनभाई उभे होते. त्यांनी नकाराची मान हलवली.

“लोकायकडं फिरवा मास्तर,” ते हळूच म्हणाले. “त्याची शर्त सुटली. माह्यं पद त्याले मांगूनबी ऐकू येते.”

मी पोतं पुन्हा लोकांकडे फिरवलं.