हुरडा गार होईपर्यंत

आमच्या गावात पाहुण्याला उपाशी ठेवायची एक रीत आहे, आणि तिला सत्कार म्हणतात. हे मी शांत डोक्यानं लिहिते आहे असं कोणी समजू नये. त्या दिवसाची आठवण निघाली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ती दर हिवाळ्यात निघतेच, कारण दर हिवाळ्यात ज्वारी हुरड्याला येते.

मी पुण्यात बरीच वर्षं सहली आणि समारंभ आखून देणाऱ्या एका कंपनीत होते. माणसांना बसमध्ये बसवायचं, उतरवायचं, जेवू घालायचं, वेळेवर पुढं काढायचं, आणि हे सगळं आपोआप घडतंय असं त्यांना वाटू द्यायचं, हे माझं काम. नव्यानं लागलेल्या पोरांना मी शिकवायचेही. त्यात रणनीती, नेतृत्व, व्यवस्थापन असे भारदस्त शब्द असायचे, पण सांगायची गोष्ट साधी होती. पाहुणा कशासाठी आलाय ते ओळखा आणि तो नि ती गोष्ट यांच्या मधे उभे राहू नका. पुढे आईच्या आजारपणामुळं मी जालन्याला राहायला आले आणि गावाकडं माझं येणंजाणं वाढलं. गाव टेंभुर्णीच्या पुढं, जाफराबादच्या रस्त्यावरून थोडं आत.

त्या रस्त्यानं लोणारहून अजिंठ्याला जाणाऱ्या सहलीच्या बस जातात. आमच्या भागात त्या एकाच कारणासाठी थांबायच्या, तेही झाडोरा बघून, आणि ते उरकलं की निघून जायच्या. एकीकडं सरोवर, दुसरीकडं लेणी, मधे आम्ही. मला सारखं वाटायचं, ह्या लोकांना दोन तास थांबवता आलं तर किती बरं होईल. लेणी आमच्याकडं नाहीत, पण हुरडा आहे, आणि पुण्याच्या माणसाला हुरड्याचं काय वेड असतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा बोलले ती माझ्या धाकट्या चुलतभावाच्या बायकोशी. भाऊ चाकणला एका कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणार. काकू वारल्यापासून गावच्या घरात काका, ही सून आणि दुसरीत जाणारी नात, एवढीच माणसं. नवरा तिला चाकणला ये म्हणत होता आणि तिला एका खोलीत राहायला जायचं नव्हतं. तिनं स्वच्छ सांगितलं की हुरड्याचं जमलं तर नवऱ्याला इकडं बोलावते, नाही जमलं तर पोरीची परीक्षा झाली की जाते. नवऱ्यालाही तिनं तेच कळवलं होतं. काकांना तर हे जमावं असं आम्हा दोघींपेक्षा जास्त वाटत होतं. पोरगा घरी येणार म्हणून ते ओढ्याकाठचं आपलं सगळ्यात चांगलं रान द्यायला तयार झाले.

भावजय कामाला चोख. हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीचं बी आणून तिनं ते एकदम न पेरता चार तुकड्यांत, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरलं, म्हणजे एक तुकडा निब्बर व्हायच्या आत दुसरा हुरड्यावर यावा. पुण्यातली माझी एक जुनी सहकारी आता स्वतःच्या सहली काढते, तिला मी गळ घातली. ती म्हणाली, एक बस आणून बघते, माझी माणसं खूश झाली तर पूर्ण हिवाळाभर दर शनिवार-रविवार तुमच्याकडं. तिची अट एकच होती. दुपारी बाराच्या आत बस सुटायला हवी, नाहीतर अजिंठा धड बघून होत नाही.

मग गावात बैठक झाली. काका पूर्वी सरपंच होते, आणि आता नसले तरी गावात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. मी उभी राहून सगळं समजावून सांगितलं. बस येईल, पाहुण्यांना गंध लावायचं, तिथून थेट रानात न्यायचं, आगटीभोवती बसवायचं आणि गरम हुरडा हातावर द्यायचा. भाषण नाही, हार नाही, मांडव नाही. काका म्हणाले, बराबर हाय. बाकीचेही म्हणाले, बराबर हाय. आमच्याकडं ह्याचा अर्थ एवढाच की तुझं बोलणं कानावर पडलं. मी ह्याच गावात जन्मले, तरी पुण्यात राहून हे विसरून गेले होते.

त्या सकाळी मी मोठ्या रस्त्यावर फाट्याशी थांबले होते. बस वेळेवर आली. चाळीसेक माणसं, बरीचशी निवृत्त, थोडी पोराबाळांची कुटुंबं. मी आत चढले, त्यांना हुरडा कसा भाजतात ते सांगितलं. बस वळण घेऊन शाळेपाशी आली. शाळेच्या मैदानात मांडव, लाल गालिचा, खुर्च्या, दोन भोंगे. लेझीम घेतलेल्या पोरी रांगेत उभ्या. मधे कडक इस्त्रीचं धोतर नेसलेले काका.

मी खाली उतरून त्यांना बाजूला घेतलं आणि हे काय म्हणून विचारलं. ते म्हणाले, “आगं, पाच मिंटं. लोकं कवापासून उभे हायेत.”

खरं सांगायचं तर पहिला पाव तास पाहुणे खूशच होते. लेझीमचे फोटो काढले, फेटे बांधून घेतले. पण मग त्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. एकेका पाहुण्याचं नाव, गाव आणि पूर्वीचा हुद्दा विचारून घेऊन ते मोठ्यानं सांगायचे आणि मग सत्कार. पुरुषांना टॉवेल-टोपी-नारळ, बायकांना ब्लाऊजपीस-नारळ. शिवाय प्रत्येक सत्कार वेगळ्या माणसाच्या हस्ते. हळूहळू माझ्या लक्षात आलं की चाळीस पाहुणे म्हणजे काकांच्या हिशेबी चाळीस मान होते, आणि ते त्यांनी वरच्या आळीपासून बौद्धवस्तीपर्यंत गावभर वाटले होते. निवडणुकीत तोंड फिरवलेला, बांधावरून भांडलेला, लग्नाचं बोलावणं चुकलेला, सगळ्यांना एकेक पाहुणा मिळाला. आयुष्यभर त्यांनी गाव असंच एकत्र ठेवलं होतं. एरवी मी कौतुक केलं असतं, पण त्या वेळी माझं सगळं लक्ष घड्याळाकडं होतं.

मी धावत रानात गेले. भावजय आगटीपाशी बसली होती, पदर खोचलेला, हात काळे. सोबतीला गल्लीतल्या तीन बायका. पहिली कणसं भाजून, चोळून तिनं टोपलीत ठेवली होती आणि ती गार पडली होती. गार हुरडा म्हणजे नुसती ओली ज्वारी. ती टोपली बाजूला सारून तिनं दुसरी कणसं निखाऱ्यात घातली होती.

“आक्का, लोकं कुठं राह्यले? ही दुसऱ्यांदा लावलीय आगटी.”

मी म्हणाले, आलेच पाच मिनिटांत. त्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी पाचच मिनिटं होती. परत येते तर सत्कार संपत आले होते, पण उठायचं कोणी नाव घेईना. काकांनी तालुक्याच्या एका पुढाऱ्यालाही बोलावलं होतं आणि त्याच्याशिवाय सांगता होणार नव्हती. फोन केला की पलीकडून उत्तर यायचं, निघालेत. आमच्याकडं निघालेत म्हणजे आंघोळीला गेलेत. दरम्यान गावातल्या तिघांनी भाषणं केली. पहिल्या रांगेतलं एक मूल भूक लागली म्हणून रडायला लागलं आणि त्याच्या आईनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. पुण्यातून हुरडा खायला निघालेली माणसं आमच्या मांडवात बिस्किटं खात होती. मला लाजेनं मान वर करवेना.

सहल घेऊन आलेली माझी ती सहकारी मैत्रीण मागच्या रांगेतून उठून माझ्यापाशी आली. ती चिडली नव्हती, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, “अगं, मी यांना इथून आत्ता उठवलं तर तुझ्या काकांचा अपमान होईल का?” मी हो म्हणाले. ती परत जाऊन बसली.

आणि मग कळस झाला. ज्यांच्यामुळं आज हा सोहळा घडतोय त्या आपल्या गावच्या कर्तबगार सूनबाईंनी सत्कारासाठी मंचावर यावं, असा पुकारा झाला. दोन्ही भोंग्यांची तोंडं रानाकडंच होती. एकदा झाला, दोनदा झाला, तिसऱ्यांदा माईकवर खुद्द काका बोलले. मी पुन्हा रानाकडं निघाले, पण ती पांदीच्या वाटेवरच समोरून येताना दिसली. मागून त्या तिघी बायकाही, सत्कार बघायला. तिनं घाईघाईत हात धुतले होते तरी काजळी निघाली नव्हती. आगटीपाशी कोण आहे, मी विचारलं.

“कोनी न्हाई. मामा माईकवर बोलवून राह्यले, आता सासऱ्याला न्हाई म्हनू का?”

ती मंचावर गेली. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. तिच्याविषयी बरंच चांगलं बोललं गेलं. ज्या हुरड्यासाठी तिचा सत्कार चालला होता तो तेवढ्या वेळात रानात कोळसा होत होता. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं, अगदी खरं पाणी. मला तिथं ओरडावंसं वाटत होतं आणि मी चाळीस पाहुण्यांसमोर टाळ्या वाजवत उभी होते.

बारा वाजून गेले. मैत्रिणीनं हात जोडून काकांचा निरोप घेतला आणि माणसं बसकडं वळवली. तेव्हा गावाला एकदम हुरडा आठवला. कोणीतरी पळत जाऊन टोपलीतला गार हुरडा आणला आणि कागदी द्रोणांतून बसमध्ये दिला. एक आजी दोन दाणे चावून चांगला आहे हो म्हणाल्या आणि द्रोण पर्समध्ये ठेवायला लागल्या. बस निघाली, तर बोळात समोरून पुढाऱ्याच्या गाड्या. बस मागं घ्यावी लागली. पुढारी उतरले आणि उभ्याउभ्या त्यांनी खिडकीतून आणखी दोघांना नारळ दिला.

चार-पाच दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. अजिंठ्याला उशीर झाला, जेमतेम काही लेणी बघून झाली. माझी माणसं तुमच्या गावाचं नाव काढतात, फार प्रेमळ लोक म्हणतात, ती म्हणाली, पण पुन्हा नेऊ का विचारलं तर एकही हात वर झाला नाही. संभाजीनगरजवळ तिला दुसरी जागा मिळाली होती. तिथं बस थांबली की लगेच हातावर गरम हुरडा देतात.

मी त्याच दिवशी गावी गेले आणि काकांना नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पाव्हनं पहिल्यांदा दारात आल्तं. त्येला मान न देता ढेकळात बसवून खाऊ घालायचं? ते काय आपले रोजानं लावलेले मानसं हायेत का? आन् त्या दिवशी गावातलं येक मानूस रुसलं न्हाई. कोन रुसलं, तू सांग.”

बस रुसली, मी म्हणाले. ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. आजची बस गेली तर उद्या दुसरी येईल, रस्त्यावर गाड्या काय कमी आहेत, असं त्यांचं म्हणणं. मला पटवून देता आलं नाही. त्यांच्या दृष्टीनं तो दिवस गावाच्या इतिहासातला सोन्याचा दिवस होता. पुढाऱ्याबरोबरचा फोटो मोठा करून त्यांनी बैठकीच्या खोलीत लावला होता.

भावजयीनं कोणाला दोष दिला नाही. उरलेले तीन तुकडे हुरड्यावर आले, निब्बर झाले आणि साधी ज्वारी म्हणून काढले गेले. पोरीची परीक्षा संपली तशी ती चाकणला गेली. जाताना मी तिला एक वर्ष आणखी थांब म्हणाले. ती म्हणाली, “आक्का, थांबले आस्ते. पन पुढच्या साली बी मामाच मामा राहनार.” काका तिला सोडायला जालन्याच्या स्टँडपर्यंत आले होते, नातीला खिडकीची जागा धरून दिली, आणि दिवाळीला या म्हणत राहिले.

दिवाळीला भावाला सुट्टी मिळाली नाही. थंडी पडल्यावर एका संध्याकाळी काकांचा मला फोन आला. त्यांनी ओढ्याकाठच्या रानात स्वतः गूळभेंडी पेरली होती, तीही चार तुकड्यांत. पहिला तुकडा चांगला भरला म्हणाले. मग म्हणाले, तुझी ती बस कधी येती ते जल्दी सांग, म्हणजे पोरांना चाकणहून बोलावून घेतो. मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, या टायमाला कोणी काही करायचं नाही, मांडव बिलकुल नाही. त्यांच्या आवाजात इतका हुरूप होता की वर्षभर साठवलेलं माझं बोलणं मी बाजूला ठेवलं.

“काका, ती बस आता येणार नाही,” मी म्हणाले. “ते लोक दुसरीकडं जातात.”

त्यांनी एवढंच विचारलं,

“मंग पोरं बी येनार न्हाईत का?”

नाही, मी म्हणाले. पलीकडं टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला. त्यानंतर त्या घरातून दुसरा कसलाच आवाज आला नाही, आणि मला फोन ठेवायचं सुचेना.